एक जूनची पालकसभा

लातूरच्या शाळेतल्या माझ्या पहिल्याच तासाला मी फळ्यावर 'वर्गसमीकरणे' असं लिहिलं आणि मागे वळले, तोवर अख्ख्या दहावी अ नं एका सुरात सांगून टाकलं, "झालंय, मॅडम."

मला वाटलं, माझ्या आधीच्या सरांनी शिकवलं असेल. मी पुढचं प्रकरण काढलं, तर तेही झालेलं. त्याच्या पुढचंही झालेलं. शेवटी मी पुस्तकाचं अगदी मागचं पान उघडून तिथलं नाव वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "ते दोनदा झालंय." शाळा उघडून जेमतेम आठवडा होत होता. पुस्तकांना अजून कव्हरं घालायची होती आणि पोरांचं दहावीचं गणित उरकलेलं होतं.

लातूरच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. इथं नववीची परीक्षा संपली की दुसऱ्या दिवसापासून दहावीचा क्लास लागतो. उन्हाळाभर पोरं सायकलवर दप्तर टाकून क्लासला जातात आणि जूनमध्ये शाळेत येतात ती हजेरी लावायला. शाळेचे तास त्यांना झोप पुरी करायला बरे पडतात. पण मी भोकरहून बदलून आले होते. आमच्या संस्थेची एक शाळा तिकडे आहे, तिथं मी वर्षानुवर्षं गणित शिकवलं होतं. भोकरच्या पोरांना काहीच झालेलं नसायचं. त्यांना गणित भेटायचं ते माझ्याच तोंडून, त्यामुळे त्याची पहिली भेट कशी घालून द्यायची हे सगळं माझ्या हातात असायचं. मला त्याचा भारी माज होता.

मला सरळ सुरुवात जमतच नाही. 'आज आपण वर्तुळ शिकूया' असं म्हटलं की माझी मलाच जांभई येते. भोकरला वर्तुळाचं प्रकरण आलं की मी मधल्या सुट्टीच्या आधीचा तास मागून घ्यायची आणि सगळ्यांना डबे उघडायला लावायची. ज्याच्या डब्यात पोळी असेल त्यानं तिचं केंद्र शोधून दाखवायचं. ते सोपं होतं. पोळी एकदा बरोबर अर्धी दुमडायची, पुन्हा दुसऱ्या बाजूनं अर्धी दुमडायची, दोन घड्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं केंद्र. पोळीवाले पटकन मोकळे व्हायचे. खरी पंचाईत भाकरीवाल्यांची, आणि वर्गात तेच जास्त. ज्वारीची भाकरी दुमडायला गेलं की मोडते. एकदा एका पोरानं मोडलेली भाकरी माझ्यापुढं धरून विचारलं होतं, "म्याडम, केंद्र कोन्त्या तुकड्यात हाय?"

मग सगळा वर्ग कामाला लागायचा. भाकरी न मोडता केंद्र काढायचं, तर तिच्यावर रेघा ओढाव्या लागणार. खडूनं ओढल्या तर खायची कशी? कुणीतरी लाल चटणीच्या तेलात काडी बुडवून भाकरीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत रेघ ओढायचं. ती झाली जीवा. तिच्या बरोब्बर मधोमध काटकोनात दुसरी रेघ. मग वेगळ्या जागी दुसरी जीवा, तिच्यावरही तसंच. काटकोनातल्या या दोन रेघा जिथं मिळतील ते केंद्र. एवढं झालं की मी फळ्याकडं जाऊन 'वर्तुळ' असं लिहायची, आणि घंटा होताच सगळं वर्तुळ खाऊन टाकलं जायचं. वर्षं गेली तरी त्या पोरांपैकी लग्नपत्रिका घेऊन येणारं कुणी ना कुणी भाकरीच्या केंद्राची आठवण काढतंच.

लातूरला मी हाच प्रयोग केला. दहावी अ मधल्या एका मुलीनं डब्याचं झाकणही न उघडता सांगितलं, "मॅडम, जीवेचा लंबदुभाजक केंद्रातून जातो. झालंय."

ही मुलगी पुढं वारंवार येणार आहे, तर तिची ओळख करून देते. पहिल्या बाकावर बसायची, केसांना घट्ट वेणी, आणि तोंडानं फाडफाड. गंजगोलाईत तिच्या वडिलांचं गाद्या-चादरींचं दुकान होतं, आजोबांच्या काळापासूनचं. वर्गात 'झालंय' म्हणायचं नेतृत्व तिच्याकडं होतं. तिनं म्हटलं की बाकीचे म्हणायचे. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली आणि पहिल्या दिवसापासूनच तिची जिरवायची असं मी ठरवलं.

मी फळ्यावर एक बरोबर दोन अशी सिद्धता लिहिली, सगळ्या पायऱ्या साळसूदपणे, आणि 'चूक शोधा' म्हणून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. भोकरला यावर दोन दिवस भांडणं चालायची. इथं मी दाराबाहेर पाय टाकते न टाकते तोच आतून तिचा आवाज आला, "चौथ्या पायरीत शून्यानं भागलंय, मॅडम. या आत." क्लासवाल्यांनी माझ्या थट्टाही शिकवून टाकल्या होत्या. मला खरंच फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

मग मी उलटीकडून धरलं. एके दिवशी वर्गात गेले, फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरात दोन आणि पाच असे दोनच आकडे लिहिले आणि म्हटलं, "हे उत्तर. आता गणित सांगा." कुणीतरी विचारलं, "कोणतं सूत्र वापरायचं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. कुणी बेरीज म्हणालं, कुणी दोन पोरं आणि पाच पेरू म्हणालं. पंधरा मिनिटांनी एकानं बिचकत बिचकत असं वर्गसमीकरण मांडलं ज्याची मुळं दोन आणि पाच. दुसऱ्यानं त्याला दोननं गुणून दुसरं मांडलं, तिसऱ्यानं तिनानं गुणलं, आणि गणितं इतकी निघाली की फळा पुरेना. पहिल्या बाकावरची बाईसाहेब नाक फुगवून म्हणाल्या, "असं क्लासमधी नसतं." मला त्या दिवशी चहा गोड लागला.

तिथून मला चेव चढला, आणि चेवाच्या भरात मी गंजगोलाईला हात घातला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गोलाई म्हणजे लातूरची मधोमध असलेली गोल बाजारपेठ. तिथून सोळा रस्ते फुटतात असं लातुरात लहानथोर सगळे सांगतात. मी विचारलं, "गोलाईच्या मधोमध उभं राहिलं, तर शेजारशेजारच्या दोन रस्त्यांमध्ये किती अंशांचा कोन?" पहिल्या बाकावरून तत्काळ उत्तर आलं, "साडेबावीस. तीनशेसाठ भागिले सोळा." मी मान डोलावली आणि एवढंच विचारलं, "मोजून कोण आलंय?"

एवढंच विचारलं. मोजून या असं मी म्हटलं नव्हतं, हे मी नंतर हेडसरांना, संस्थेच्या सचिवांना आणि घरी आमच्या ह्यांना शपथेवर सांगितलं. पण त्याच दिवशी संध्याकाळी, भर बाजाराच्या वेळेला, शाळेचा फळ्यावरचा लाकडी कोनमापक घेऊन पाचसहा मुली गोलाईत उतरल्या. एकीनं सुतळीचं एक टोक गाद्यांच्या दुकानाच्या खांबाला बांधलं, दुसरीनं दुसरं टोक ताणत पलीकडच्या रस्त्याच्या तोंडाशी नेलं. त्या सुतळीत आधी एक केळ्यांचा गाडा अडकला, मग एक मोटारसायकल, मग दोघांचं भांडण. गाद्यांच्या दुकानाचे मालक काय झालं म्हणून बाहेर आले, तर आपली पोरगी रस्त्याच्या मधोमध कोनमापक छातीशी धरून ओरडतेय, "अब्बा, आपल्या दुकानाचा कोन साडेबावीस न्हाई!"

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. उंच, पांढरी दाढी नीट कातरलेली, बोलणं अदबीचं पण आवाज गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाचा. हेडसरांच्या खोलीत मला बोलावलं गेलं.

"मॅडम, मी सीधा बोलतो, बुरा वाटून घिऊ नका," ते म्हणाले. "पोरगी दहावीला हाय. तुमच्या तासाला शिकवणं कमी अन् तमाशे लई हायत म्हनं. अर्धा तास तर तुमची नुसती सुरुवातच चालती. लोकाची पोरं पेपर सोडवायलेत अन् माझी पोरगी रस्ता मोजायली."

अर्धा तास हे त्यांनी कमीच सांगितलं होतं.

तक्रार हेडसरांपाशी थांबली असती तर प्रश्न नव्हता. हेडसर म्हणजे भला माणूस. ती सचिवांपर्यंत गेली. सचिव मूळचे शिरूर अनंतपाळकडचे, शेतीवाडीवाले, संस्था त्यांनी कष्टानं उभी केलेली. त्यांच्या डोक्यात आधीपासूनच एक योजना शिजत होती. शहरातल्या एका क्लासच्या तरुण सरांना दहावीच्या गणितासाठी शाळेतच आणायचं, म्हणजे पालक खूश आणि प्रवेशही वाढतील. मग माझं काय? तर मला पाचवी आणि सहावी. "अनुभवी शिक्षिका पायाला असलेली बरी," असं ते म्हणाले म्हणे.

मी पाचवी-सहावीला कमी लेखत नाही. पण दहावीवर माझा जीव आहे. दहावीचं पोर पहिल्यांदाच मोठ्या माणसासारखं वाद घालतं, आणि तो वाद ज्याच्या तासाला होतो त्याला ते जन्मभर विसरत नाही. मला तो वाद हवा होता. तो काढून घेतला तर शाळेत जायला माझा पाय उचलला नसता, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही.

हेडसरांनी मधला मार्ग काढला. शनिवारी पालकसभा ठेवायची. त्यात मी सगळ्यांसमोर दहावी अ वर एक तास घ्यायचा. सचिव बघतील, पालक बघतील, क्लासचे सरही येऊन बसतील, आणि तिथल्या तिथं निर्णय होईल. शुक्रवारी संध्याकाळी हेडसर मला म्हणाले, "मॅडम, हात जोडून एक विनंती. उद्या तेवढं फळ्यावर धड्याचं नाव लिहा आणि सरळ शिकवा. काही आणू नका, काही मोजू नका, कुणाला बाहेर पाठवू नका." मी कबूल केलं. आणि मनापासून केलं.

शनिवारी वर्ग गच्च भरला. मुलं बाकांवर, पालक मागं आणि कडेनं खुर्च्यांवर, उरलेले खिडक्यांना टेकून. मुरुडकडून दोन एसट्या बदलून आलेले एकजण पायातली वहाण बाहेर काढून उंबऱ्यातच बसले होते. गाद्यांच्या दुकानाचे मालक दुसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. सचिव पुढच्या खुर्चीत आणि त्यांच्या शेजारी क्लासचे सर, इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर टॅब.

मी फळ्यावर 'संभाव्यता' असं लिहिलं. अक्षर चांगलं काढलं. आणि मागून हळूच पण स्पष्ट आवाज आला, "झालंय."

पालक हसले. सचिवांनी क्लासच्या सरांकडं पाहिलं. माझ्या हातातला खडू मोडला, आणि हेडसरांना दिलेला शब्द त्या खडूबरोबरच गेला.

मी मुलांना सोडलं आणि पालकांकडं मोर्चा वळवला. "मी पैज लावते," मी म्हटलं. "या खोलीत जेवढे पालक बसलेत, त्यातल्या दोघांचा तरी जन्म एकाच तारखेचा निघेल."

हा माझा जुना, हमखास खेळ. वर्षात दिवस तीनशेपासष्ट, माणसं पन्नास-साठ, तरी दोन तारखा जुळण्याची शक्यता इतकी मोठी असते की माणूस चक्रावून जातो. भोकरला पोरांवर मी तो दरवर्षी करायची. एकेकानं तारीख सांगायची, कुठंतरी मध्येच दोन जुळायच्या आणि वर्ग उसळायचा. मग मी संभाव्यतेकडं वळायची.

उंबऱ्यातून प्रश्न आला, "पैज कशाची, बाई?"

"दहावीची," मी म्हणाले. कशाला म्हणाले ते देव जाणे. "हरले तर सोमवारपासून मी स्वतःहून दहावी सोडते. जिंकले तर दहावी माझी."

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. सचिव मात्र खूश झाले. त्यांना हे फारच सोयीचं वाटलं. "मंजूर," ते म्हणाले. "चला, मलाही धरा पालकात. सांगा एकेकानं. तुम्ही सुरू करा."

उंबऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "एक जून."

त्यांच्या शेजारचे म्हणाले, "एक जून."

खिडकीपाशी एक आई उभी होती, तिनं पदर सावरून सांगितलं, "एक जून." तिच्या मागचे, "आमची बी एक जूनच." मग पुढच्या रांगेत, एक जून, एक जून, मध्येच एक दहा जून, की पुन्हा एक जून. गाद्यांच्या दुकानाचे मालक म्हणाले, "एक जून." हेडसर न विचारताच पुटपुटले, "माझीही तीच." शेवटी सगळे सचिवांकडं पाहू लागले. सचिवांनी घसा खाकरला. "कागदावर," ते म्हणाले, "एक जून."

आमच्याकडं ही काही लपलेली गोष्ट नाही. त्या काळात जन्माची नोंद कुठली? जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी गल्लीतली पोरं गोळा करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान हाताला लागला की पोरगं पहिलीच्या वयाचं झालं. मग जन्मतारीख म्हणून एक जून ठोकून द्यायची, म्हणजे हिशेबाला सोपं. म्हणून तर दर एकतीस मेला आमच्याकडच्या शाळांत आणि कचेऱ्यांत निवृत्तीचे नारळ थप्पीनं फुटतात. माझी स्वतःची तारीख एक जूनच आहे. आणि तरीही पोरांवर हा खेळ करता करता, पोरांच्या तारखा दवाखान्यातल्या असतात आणि आईबापांच्या गुरुजींनी दिलेल्या, हे माझ्या टकुऱ्यात आलं नव्हतं.

पण नियमानं मी पैज जिंकले होते. जिंकले म्हणजे काय, पार धुव्वा उडवला होता. मी विजयी मुद्रा करायचा प्रयत्न केला.

"ही पैज धरायची न्हाई!" गाद्यांच्या दुकानाचे मालक उठून उभे राहिले. "हे गुरुजीचं काम हाय. यात तुमचं गनित कुटं आलं?"

"बराबर," उंबरा म्हणाला.

आणि तेवढ्यात पहिल्या बाकावरून वेणी उभी राहिली. "मॅडम, अब्बा बरोबर म्हणतेत," ती म्हणाली. "तुमची पैज तवाच खरी, जवा तीनशेपासष्टही दिवस सारखेच असतील. कुनाचाबी जन्म कोन्त्याबी दिवशी होऊ शकला पाहिजे. इथं तर सगळे एकाच दिवसावर ढकललेत. म्हणजे निष्पत्ती समसंभाव्य नाहीत." ती थांबली. तिनं ती व्याख्या क्लासमध्ये शंभर वेळा घोकली असणार. पण त्या क्षणी तिचा चेहरा असा झाला की जणू ते शब्द तिनं आताच ऐकले. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणून पैज रद्द."

माझ्याच शिष्येनं मला उताणं पाडलं होतं. दहावी हातातून निघाली होती, आणि तरी मला इतका आनंद झाला की तो लपवता येईना. "रद्द," मी म्हटलं. "मान्य. मग आता खऱ्या तारखा काढाव्या लागतील. खरी तारीख कुणाला ठाऊक आहे?"

यानंतर जे झालं त्याला मी जबाबदार नाही. सगळे एकदमच बोलू लागले. उंबऱ्यातले गृहस्थ म्हणाले, "माझी माय सांगायची, हुरड्याच्या दिसात झालो. ती शेकोटीपाशी होती आन तिथंच पोटात कळ आली." खिडकीतल्या आईचा जन्म नागपंचमीचा, झोका बांधता बांधता. कुणी काढणीच्या वेळचं, कुणी पेरणीच्या. सचिव खुर्चीत पुढं सरकले. "मी पोळ्याच्या करीचा," ते म्हणाले. "बैलं आदल्या दिवशी सजवलेली, आणि म्हणून आमच्या तात्यांनी..." मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं आणि ते थांबले.

"साहेब, साल कोन्तं?" मुलांमधून कुणीतरी विचारलं. "पोळा दरसाली हालतो."

"साल कागदावर आहे, पण तेही गुरुजींचंच," सचिव म्हणाले, आणि जरा विचारात पडले.

"माझं इचारा," गाद्यांच्या दुकानाचे मालक पुढंच आले. "अम्मी सांगायची, बकरीदच्या दुसऱ्या दिवशी झाला. अन् थंडी अशी होती की दुकानातली नवी गादी आणून माझ्याखाली घातली. म्हंजे जून तर होऊच शकत न्हाई."

"पण अब्बा, बकरीद तर आता जूनमध्ये येते," मुलगी म्हणाली.

"आता येती. दरसाली दहाअकरा दिवस मागं सरकती. माझ्या लहानपनी थंडीत यायची."

"म्हंजे थंडीत येणारी सालं ठराविकच असणार!" मुलगी फळ्याकडं धावली आणि तिनं माझ्या हातातला खडूचा तुकडा न विचारता काढून घेतला. चांद्र वर्षाचे दिवस इतके, आपल्या वर्षाचे इतके, फरक इतका. मागून दुसऱ्यानं सांगितलं की लीप वर्ष धर. तिसरा म्हणाला, थंडी म्हणजे कार्तिक का पौष ते आधी ठरवा. क्लासच्या सरांनी टॅबमध्ये काहीतरी बघायला सुरुवात केली होती, त्यांना पोरांनी ओरडून थांबवलं की असं बघून चालणार नाही. त्यांनी टॅब खाली ठेवला आणि ते बोटांवर मोजू लागले. 'संभाव्यता' हा शब्द आकड्यांखाली केव्हाच दिसेनासा झाला होता.

तेवढ्यात घंटा झाली.

सचिव उठले. शर्ट नीट केला आणि चेहऱ्यावर पुन्हा सचिवपण आणलं. "छान," ते म्हणाले. "मनोरंजन झालं. पण मॅडम, तास संपला आणि धड्याचं एकही गणित सुटलेलं नाही. तक्रार नेमकी हीच होती. तर माझा निर्णय..."

"थांबा साहेब," गाद्यांच्या दुकानाचे मालक म्हणाले. "तक्रार माझी होती, तवा मी बोलतो. तक्रार कायम हाय."

मी फळा पुसायला डस्टर उचलला.

"मॅडम सुरुवात करतेत अन् मधीच घंटा होती," ते म्हणाले. "पोरगी घरी येऊन तेच लावून धरती. जेवताना तेच, दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना तेच. मी म्हनायचो, ही एवढी का पेटती? आता बघा, माझीच गत तशी झालीय. तीन साल फळ्यावर लिहिलेत, त्यातलं माझं कोन्तं, ते कळल्याबिगर मला घास गोड लागायचा न्हाई. उद्या तुम्ही मॅडमला पाचवीवर धाडलं, तर हे अर्धवट काम कोन पुरं करनार? हे सर?" त्यांनी क्लासच्या सरांकडं पाहिलं. सर अजून बोटांवर मोजत होते. "अन् पैजेचा तरी निकाल कुटं लागला? खऱ्या तारखा निघाल्याबिगर मॅडम हरल्या का जिंकल्या, कोन सांगनार? निकाल लागंपर्यंत दहावी मॅडमपाशीच ऱ्हायला पाहिजे. सौदा म्हंजे सौदा."

"बराबर," उंबऱ्यातून आवाज आला. खिडकीतल्या आईनंही मान हलवली.

सचिव फळ्याकडं बघत उभे राहिले. ते निर्णयाचा विचार करत असतील असं हेडसरांना वाटलं, पण मी बाजूलाच होते, त्यांचे ओठ मला दिसत होते. ते पोळ्याची अमावस्या मोजत होते. "ठीक आहे," शेवटी ते म्हणाले, "निकाल लागेपर्यंत." आणि दाराशी जाऊन वळून मुलांना म्हणाले, "माझंही करून ठेवा."

रविवारभर मी हवेत होते. सोमवारच्या तासाची सुरुवात मी इतकी जोरदार योजली होती की काही विचारू नका. दोन डबे, एक दोरा, एक नाणं आणि सगळ्यांना फसवणारा एक प्रश्न. वर्गात शिरताना काय म्हणायचं तेही रिक्षात बसून दोनदा घोळवलं.

दार उघडंच होतं. आत गोंधळ. वेणीवाली फळ्यापाशी, तिच्या भोवती पाचसहा जणं, बाकीचे बाकांवर उभे. फळा तीन भागांत वाटलेला, पोळा, बकरीद आणि हुरडा. कुणी घरून जुनं पंचांग आणलं होतं, कुणी आजीला फोन लावून दिला होता आणि ती आजी स्पीकरवर सांगत होती की त्या साली पाऊस लांबला होता. दोघांचं भांडण लागलं होतं की जन्माची कोणतीही तारीख खरंच सारखीच संभाव्य असते का, की लग्नसराईनंतर नऊ महिन्यांनी जास्त पोरं होतात. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मी दारात उभी राहिले, हातात डब्यांची पिशवी घेऊन. कुणी 'गुड मॉर्निंग' म्हणालं नाही, कुणी उठलं नाही. मी आले आहे हे एकालाही कळलं नव्हतं. ज्या सुरुवातीसाठी मी सचिवांशी पैज लावली होती ती माझ्यावाचून होऊन गेली होती, आणि खरं सांगते, मला झोंबलं. डोळ्यांत पाणीही आलं. मी दोन पावलं आत गेले आणि फळ्यासमोर उभी राहिले, निदान दिसावं तरी म्हणून.

वेणीवालीनं खडू थांबवला, पण माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला सरका, मागच्यांना फळा दिसंना."